मागची सीट नसलेली गाडी

दोन माणसांची गाडी आणायला आम्ही तिघं गेलो. लातूरहून निघताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्या घरात फ्रिज घ्यायचा असो की मुलगी बघायला जायचं असो, सगळे निघतात आणि सोबत धपाट्यांचा डबा निघतो. नांदेडला जायचं म्हटल्यावर अप्पांनी इस्त्रीचा सदरा चढवला, माय डबा घेऊन दारात उभी राहिली आणि आम्ही एसटीत बसलो.

ती गाडी म्हणजे माझं शाळेपासूनचं वेड. लाल, बुटकी, दोन दारांची, छत काढून गुंडाळून ठेवता येणारी. तशी एक निलंग्याच्या बसस्टँडसमोर उभी दिसली होती आणि तेव्हाच मी ठरवलं होतं, ही आपण चालवायची. पुढं तिचा कारखानाच बंद पडला. कॉलेजात शिकवून, दोन भिश्या उचलून जेवढं जमलं तेवढ्यात जी मिळाली ती ही अशी: छताला ठिगळ, स्पीडचा काटा मेलेला, डावी काच हातानं धरून वर ओढायची. कुणी तिला भंगार म्हटलं की मी भांडायला उठायचे. मला राग पटकन येतो, आणि त्या दिवसांत तर सगळेच भंगार म्हणत होते. माझा हट्ट एकच होता, नांदेडहून घरापर्यंत ती मीच चालवत आणणार.

अप्पा एसटीचे ड्रायव्हर. आता रिटायर झालेत. बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते, ती त्यांनी बायकोलाही लावली होती. माय पुढं बसली तर लोक म्हणतील, ड्रायव्हर घरच्या गप्पा मारून राहिला. म्हणून माय कायम शेवटच्या सीटवर, पिशव्यांसोबत, प्रत्येक खड्ड्याला उडत. पुढं भावानं जीप घेतली. तिच्यातही गडीमाणसं पुढं आणि माय मागं, पिशव्यांसोबतच. ती कधी कुरकुरली नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा.

गाडी नांदेडच्या एका दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्या अंगणात अप्पांनी गाडीभोवती चक्कर मारली, टायरला लाथ मारून बघितली, इंजिन चालू करून कान लावला.

"इंजिन ठणठणीत हाय," ते म्हणाले. "बाकी समदा संसार नवा लागंल."

व्यवहार झाला, किल्ली माझ्या हातात आली. मग अप्पांनी वाकून सीटमागं बघितलं.

"आन् मागं कुठून बसायचं?"

"मागं जागाच न्हाई, अप्पा."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. डॉक्टर हसू दाबत होते. मायनं तोवर डबा उचललासुद्धा.

"तुमी दोघं या. म्या येते येष्टीनं. मला सवय हाय."

त्या 'सवय हाय'नं माझं डोकंच फिरलं.

"तू कुठंबी जायची न्हाईस. बस पुढं!"

"आगं, पण..."

"बस म्हणते ना!"

डॉक्टर जरा मागं सरकले. माय घाबरून बसली. आता सीट उरली एक आणि आम्ही दोघं. खरं सांगते, अप्पांना एसटीत बसवून द्यावं असंच मनात आलं. पण माय पदर सावरून शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघत होती आणि मग तिनं हळूच अप्पांकडं बघितलं. मी किल्ली अप्पांच्या हातात ठेवली. ठेवताना जीवावर आलं.

एसटीत मांडीवर डबा घेऊन मी फुगून बसले. लोहा गाव मागं पडल्यावर पुढं लाल ठिपका दिसला. छत काढलेलं, आणि अप्पा रस्त्याची डावी बाजू धरून एका लयीत चाललेले. आमची बस त्यांना आरामात ओलांडायला लागली.

"कोण म्हातारा हाय?" ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला. "इवलीशी गाडी येष्टीवानी चालवून राहिला."

मी खिडकीतून खाली डोकावले. मायनं पदर हनुवटीखाली बांधला होता. एक हात दाराला घट्ट, दुसरा हवेत, कशाकडं तरी बोट, आणि तोंड सारखं चालू. अप्पा मान हलवत होते. मी जोरात हाक मारली, पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तिथं माझा रुसवा गेला. वेड्यासारखी एकटीच हसत मी डबा उघडला आणि शेजारच्या बाईंनाही धपाटं दिलं.

दिवेलागणीला गाडी घरी आली. चाकूरला चहा प्यायला थांबले होते म्हणे.

"तुझी माय नांदेडपसून बोलून राहिली," अप्पा उतरता उतरता म्हणाले. "घडीभर गप न्हाई." तक्रार करायला गेले आणि मधेच हसले.

सकाळी लवकर उठून मी किल्ली घेतली. आता तरी मी चालवणार होते. बाहेर येऊन बघते तर माय आधीच पुढं बसलेली, पदर हनुवटीखाली बांधून.

"कुठं जायचंय?" मी विचारलं.

"कुठंबी चल," ती म्हणाली. "पुढून लई दिसतं गं."