माझ्या चालीनं जवळ आलेला दवाखाना

"दवाखाना, दहा मिनिटं," आमच्या ऑफिसच्या वैद्य मॅडमनी पडद्यावरचं वाचलं, आणि विहाराच्या सभामंडपात बसलेले पन्नास-साठ लोक हसायला लागले.

आधी मागच्या रांगेतल्या बाया हसल्या. मग पुरुष हसले. मग लहान पोरं हसली, त्यांना कशाला हसायचं ते माहीत नव्हतं तरी. मी प्रोजेक्टरच्या वायरीपाशी उभी होते. त्या दवाखान्यापर्यंत चालून मिनिटं मोजणारी मीच होते.

"दहा मिनिटांत तर आम्ही नाल्यापाशी पण पोचत नाय," पुढं बसलेल्या एक बाई उठून म्हणाल्या. या शोभाताई साळवे. वस्तीत शिवणकाम करतात. "कोण चाललं व्हतं हे? हेलिकॉप्टर?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी वायरीकडं बघितलं.

आमचं काम काय ते आधी सांगते. शहरातल्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या माणसाला रोजच्या लागणाऱ्या गोष्टी किती लांब पडतात, ते आम्ही मोजतो. किराणा, पिठाची गिरणी, मेडिकल, रेशन दुकान, अंगणवाडी, एटीएम, बस थांबा, दवाखाना. वस्तीच्या मधोमध एक घर धरायचं आणि तिथून प्रत्येक ठिकाणी पायी जाऊन मिनिटं लिहायची. सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो. त्याला ऑफिसात ॲक्सेस स्कोअर म्हणतात. स्कोअर जास्त म्हणजे सगळं जवळ.

लोक विचारतात, मोबाईलच्या नकाशावर का नाही मोजत? नकाशात रस्ता सरळ दिसतो. तिथं कंपनीनं भिंत घातलेली असते, ती दिसत नाही. पावसाळ्यात नाल्यावरची फरशी जाते, ती दिसत नाही. म्हणून चालायला माणूस लागतो.

या वेळचं काम एका ट्रस्टचं होतं. ज्या पाच वस्त्यांचा स्कोअर सगळ्यात कमी येईल, तिथं ते छोटा दवाखाना चालवणार होते. ही वस्ती चिकलठाण्याच्या पलीकडं, जालना रोड सोडून आत. आमच्या कागदावर तिचं नाव 'बावीस नंबर'. कुणी बघितलं तरी म्हणेल, इथं दवाखाना पाहिजे. आणि आमच्या शीटमध्ये बावीस नंबर वरून दुसरा आला होता. गल्लोगल्ली दवाखाने असलेलं सिडको खाली, बावीस नंबर वर.

मॅडमचा एक नियम चांगला आहे. शीट बाहेर देण्याआधी ते वस्तीत जाऊन लोकांना वाचून दाखवायचं. त्याला आम्ही 'वाचन' म्हणतो. बहुतेक वाचनात लोक जांभया देतात. हसले ते इथंच.

"लोक वाढवूनच सांगतात थोडं," मॅडम मला हळूच म्हणाल्या. "दवाखाना हवाय ना. तू बरोबर चालली होतीस?"

"हो जी."

आमच्या गडचिरोलीकडं प्रत्येक वाक्याला 'जी' लागतो. ऑफिसात त्यावरून माझी चेष्टा होते. त्या दिवशी मात्र त्या 'जी'मागं नोकरी जायची भीती होती.

कारण मला ही नोकरी मिळायलाच नको होती. मी आठवी शिकलेली. पुढची शाळा नदीपलीकडं होती आणि नदी पावसाळ्याचे चार महिने शाळा बंद ठेवायची. मग लग्न झालं, नवरा वाळूजच्या कंपनीत लागला आणि आम्ही गावापासून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब बजाजनगरात येऊन पडलो. एकदा मॅडमची माणसं आमच्या गल्लीत मोजायला आली. त्यांना घरं सापडेनात, मी दाखवत फिरले. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "येतेस का आमच्याकडं?" फॉर्मवर छापलेलं होतं, 'किमान शिक्षण दहावी'. मॅडमनी पेनानं दहावी खोडली आणि वर लिहिलं, 'चालता येतं'.

एवढ्या एका गोष्टीवर मला घेतलं होतं. आणि आता नेमकी तीच चुकली असं साठ लोक म्हणत होते. माझे सहा महिने भरायला तीन आठवडे राहिले होते. त्यानंतर मला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. ट्रस्टला शीट शुक्रवारी जायचं होतं. हा बुधवार.

वाचन संपल्यावर शोभाताईंनी मला दारात गाठलं.

"तूच का ती हेलिकॉप्टर?"

"हो जी."

"चल माझ्यासंगं. सासूच्या पायाला जखम हाय, साखरेची. एक दिवसाआड ड्रेसिंगला न्यायलेय मी त्यांना. आता मी एकटीच गोळ्या आणायला निघालेय. चल, अन् मोज."

मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, जा.

मी फोनमधलं घड्याळ चालू केलं आणि निघाले. पन्नास पावलांवर मागून हाक आली, "अगं ए! गाडी सुटायली का तुझी?"

मी थांबले. त्या आल्या. परत निघालो. परत मी पुढं.

"कुत्रं लागलंय का मागं?"

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी लागलं होतं. पण कुत्रं नसतं तरी मी तशीच चालले असते. या शहरात आल्यापासून मी चालत नाही, सुटते. बस चुकेल, पत्ता चुकेल, अंधार पडेल, कुणी विचारेल 'इथं काय करायलीस'. चिकलठाण्याहून बजाजनगर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. परतीच्या बसची काळजी मला सकाळी घरून निघतानाच लागलेली असते. शिवाय आमच्या गावाचा आठवडी बाजार अकरा किलोमीटरवर, जाऊन-येऊन पायीच. त्यामुळं इथल्या लोकांनी 'लई लांब' म्हटलं की मला मनात हसू यायचं. हे काय लांब!

शोभाताईंबरोबर मात्र लांब झालं. नाल्याची फरशी वाहून गेलेली, म्हणून वरून वळसा. माझ्या वेळी मी दगडांवरून उड्या मारून गेले होते. मग कंपनीची भिंत. मग जालना रोड.

"इथून तू कशी गेलीस?"

"पळत जी."

"मी सासूला घेऊन कशी पळू? पाठीवर टाकू?"

रस्ता ओलांडायलाच सहा मिनिटं गेली. ट्रकमागून ट्रक. मधे एका ओळखीच्या बाईनं ब्लाउज कधी देतेस म्हणून अडवलं, ते मी घड्याळातून वजा केलं. शोभाताई म्हणाल्या, "ते कशाला काढायलीस? ती रोजच अडवते." दवाखान्याच्या पायरीवर घड्याळ बघितलं. एकतीस मिनिटं.

"सासू संगं असली की पाऊण तास," त्या म्हणाल्या. "बस, पाणी पी. तोंड बघ केवढुसं झालंय."

मला रडू आलं होतं. ते त्यांना उन्हामुळं वाटलं.

पण एक हिशेब लागेना. मी पळत गेले होते हे खरं. तरी मी माझ्या वहीत दहा लिहिले नव्हते. मी सोळा लिहिले होते. मग पडद्यावर दहा कुठून आले?

गुरुवारी सकाळी ऑफिसात आधी फेरोजभाईंकडं गेले. ते आमचा सगळा डेटा बघतात.

"भाई, माझे सोळा होते. शीटमध्ये दहा कसे?"

"तुमारा फॅक्टर लगा ना दीदी." त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. "देखो. ऑफिस में सबसे स्लो तुम. तुमारे सोला मिनट, आम आदमी के दस."

"मी स्लो?"

"हौ. कॅलिब्रेशन में तो ऐसाच आया."

कॅलिब्रेशन म्हणजे काय ते सांगते. भाजीवाल्याचा तराजू जसा आधी तपासून घेतात, तसं आमच्यात चालणाऱ्या माणसाला तपासतात. ऑफिसपुढचा ठरलेला रस्ता चालायचा. साधारण माणसाला दहा मिनिटं लागतात. तुम्हाला जास्त लागली तर तुम्ही हळू चालणारे, म्हणून पुढं तुमची सगळी मिनिटं कॉम्प्युटर कमी करून घेतो. मला त्या रस्त्याला सोळा मिनिटं लागली होती. म्हणजे एक तर मी पळत जाऊन वेळ कमी लिहायची आणि वर कॉम्प्युटर तो आणखी कमी करायचा. बावीस नंबरच्या लोकांच्या दारात मी दवाखाना आणून ठेवला होता, फक्त तो कागदावर होता.

सोळा का लागली, ते मला तिथंच उभ्या उभ्या आठवलं. कॅलिब्रेशनला घड्याळ घेऊन स्वतः मॅडम आल्या होत्या. "चल," म्हणाल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागल्या. तेवढ्यात त्यांना फोन आला. त्या फोनवर बोलत, रमत चालल्या. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या पुढं पाऊल टाकत नाहीत. त्यातून या तर दहावी खोडणाऱ्या मॅडम. मी दोन पावलं मागून चालले. त्या थांबल्या की मी थांबले. एकदा त्यांनी रसवंतीपाशी उभं राहून कुणाला तरी पत्ता सांगितला, तेव्हाही मी उभी. शेवटी त्यांनी घड्याळ बंद केलं आणि म्हणाल्या, "सोळा. सावकाश चालतेस. छान." त्यांनी छान म्हटल्यावर मी काय बोलणार?

आता खरं सांगायचं म्हणजे दोघींची चूक सांगायची. माझी एकटीची असती तर सांगून मोकळी झाले असते. ज्यांनी मला घेतलं त्यांनाच त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं की तुमचंही चुकलं, हे माझ्या तोंडून निघणार कसं? मी पाण्याच्या जारपाशी दोनदा जाऊन आले. तहान नव्हती. मग सासूला एक दिवसाआड त्या रस्त्यानं नेणाऱ्या शोभाताई डोळ्यांपुढं आल्या आणि मी दार ढकललं.

"मॅडम, माझी चाल चुकली जी."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. रसवंतीपर्यंत सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्या दिवशी कॅलिब्रेशन तुझं नाही झालं. माझं झालं."

"हो जी."

"मग तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही फोनवर होतात जी."

त्या चिडल्या होत्या. नाकपुड्या लाल झाल्या की समजतं. उठल्या, फेरोजभाईंकडून घड्याळ घेतलं आणि मला म्हणाल्या, "बाहेर चल. आता मला मागं टाकायचं."

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण मॅडम शेजारी आल्या की पाय आपोआप आखूड पडायचे. दोनदा सुरुवातीपासून केलं. दारात फेरोजभाई हसत होते. "दीदी, मॅडम को कुत्ता समझो!" एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, आणि मग त्यांनाच हसू आलं. रस्त्यात उभ्या राहून पोट धरून हसल्या. शेवटी त्या रिक्षा करून त्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मी निघाले. सात मिनिटं.

"अगं, तू ऑफिसात सगळ्यात फास्ट आहेस," त्या म्हणाल्या.

नुसता फॅक्टर बदलून भागणार नव्हतं. मी चाललेल्या चारही वस्त्या परत चालायच्या होत्या, या वेळी तिथल्याच एकेका माणसाला बरोबर घेऊन, त्याच्या पावलानं. म्हणजे शुक्रवार हुकला. मॅडमनी माझ्यासमोर ट्रस्टला फोन लावला. मला वाटलं, आता नाव निघणार.

"शीटला दहा दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "चालणारी बरोबर होती. कॅलिब्रेशनमध्ये चूक झाली. ते मी केलं होतं."

मला कुठं बघावं कळेना. टेबलावर कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत राहिले.

नवीन शीट आलं. बावीस नंबर खालून तिसरा. आता विहाराशेजारच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर बसतात आणि शोभाताईंच्या सासूबाई ड्रेसिंगला काठी टेकत स्वतः जातात. पण यादी पाचाचीच होती. बावीस नंबर आत आला म्हणून एक वस्ती बाहेर गेली. तिथं गेले की लोक तोंड फिरवतात. त्यांना मी काय सांगणार? त्यांनाही दवाखाना हवाच होता.

मला काढलं नाही. उलट नव्या माणसांचं ट्रेनिंग आता माझ्याकडं आहे. त्यात मी एकच नियम घातला. नव्या माणसाची चाल कुणी साहेबानं किंवा मॅडमनं मोजायची नाही. घड्याळ ऑफिसात चहा करणाऱ्या लक्ष्मीमावशींच्या हातात द्यायचं, कारण मावशींची भीड कुणालाच नाही. गेल्या महिन्यात तीन नवे आले. तिघंही भलतेच फास्ट निघाले. चौकशी केली तर कळलं, चहा उतू जाईल म्हणून मावशी मागून ओरडत होत्या, "चला की रे बिगीबिगी!" आता मावशींचा फॅक्टर काय धरायचा, ते फेरोजभाई काढतायत.