सोजराबाईचं विरजण

जानेफळच्या सोजराबाईचं दही इतकं घट्ट लागायचं, की गाडगं पालथं केलं तरी जागचं हलत नसे. सासूकडून आलेलं विरजण तिनं चाळीस वर्षं रोज पुढं चालवलं आणि कोणाला चमचाभर दिलं नाही. मागायला येणाऱ्या बायांना ती चहा पाजायची. तेच विरजण आणखी एकाच घरात होतं. भावांची वाटणी झाली तेव्हा बैल, भांडी, खाटा वाटून झाल्यावर थोरली जाऊ जनकाबाई वाटीभर विरजणही घेऊन गेली. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. घरं एकाच गल्लीत. बावीस वर्षं झाली.

सून छाया शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा तिनं थेंबभर दही नेऊन पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. घरी येऊन सांगितलं, की त्यात बारीक जीव आहेत, एकेक जीव म्हणजे एकच पेशी; दुधातली साखर खातात, आंबट बाहेर टाकतात आणि वाढले की मधोमध दुभागून एकाचे दोन होतात. वाटणीवरून भांडतात का, असं सोजराबाईनं विचारलं. छाया नाही म्हणाली. सोजराबाईला ते खरं वाटलं नाही.

त्या थंडीत एका सकाळी दही लागलंच नाही. सोजराबाईच्या बोटाला आताशा ऊन-गार कळत नव्हतं. तिनं कढत दुधातच विरजण घातलं होतं. मागं राहिलेलं दही नवऱ्यानं, रंगरावांनी, रात्रीच भाकरीशी संपवलेलं.

"तू शाळेत नेलं. पोरायची नजर लागली," ती सुनेला म्हणाली.

"नजर नाही, आत्याबाई. भाजून मेले ते."

दुकानातलं दही चाखून रंगरावांनी ताट सरकवलं. ते मुळातच कमी बोलायचे.

सोजराबाईनं विरजणाऐवजी दुधात चांदीचा रुपया टाकून पाहिला. दूध नासलं. मिरचीचे देठ टाकले. लागलं, पण तार सुटली. देठावर दुसरेच जीव असतात आणि रुपयावर आपले नसतातच, असं छायानं समजावलं. पूर्वी विद्वानही म्हणायचे, की चिखलातून बेडूक आणि सडक्या मांसातून अळ्या आपोआप होतात. मग एका इंग्रजानं भिंगाखाली बुचाच्या कापात रिकाम्या कोठड्या पाहिल्या; त्यांनाच पेशी नाव पडलं. पुढं दोघा जर्मनांनी सांगितलं, झाड काय न् जनावर काय, सगळं पेशींचंच. आणि शेवटी ठरलं, की पेशी येते ती आधीच्या पेशीतूनच. यात दोनशेक वर्षं गेली.

"इतकी काऊन लागली? त्यायच्या घरी दही लावत नव्हते काय?"

छाया म्हणाली, "जिथं ते जित्तं हाये, तिथूनच आणा लागते."

दिवेलागणीनंतर घरातून विरजण बाहेर देत नाहीत, म्हणून सोजराबाई चारलाच निघाली. पदराखाली वाटी. जनकाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं वाटीकडे पाहिलं.

"मेलं काय?"

"हाव."

जनकाबाई आत गेली, आपलीच एक वाटी भरून आणली. सोजराबाईनं दह्यात बोट घालून चाखलं. तेच होतं.

"माह्यं अकरा वर्सांआधीच मेलं," जनकाबाई सूप उचलत म्हणाली. "हे तुह्यंच हाये. भाऊजीनं आणून देलं व्हतं. तुले सांगू नोका म्हने."

सोजराबाई ओट्यावर टेकली. मग दोघींनी मिळून उरलेली तूर पाखडली.

संध्याकाळी तिनं दूध निववलं आणि छायाला बोट घालून पाहायला सांगितलं. सकाळी दही दगडासारखं लागलं होतं. रंगरावांनी दोनदा मागून घेतलं. सोजराबाईनं जनकाबाईची वाटी धुतली, तीत मूठभर शेंगदाणे घातले आणि रंगरावांच्या ताटाशेजारी ठेवली.

"नेऊन द्या. रस्ता तुमाले ठाऊक हाये."