पाठीवर हवा भरणारी आठ जॅकेटं

काही प्रकरणं निवृत्तीनंतरही पिच्छा सोडत नाहीत. हे त्यातलंच, पण लाडकं.

मी नागपुरात ठाणेदार होतो. एका जलतरण तलावाच्या मालकाचा तक्रार अर्ज आला. स्कूबा शिकवण्यासाठी आणलेली आठ नवी जॅकेटं चोरीला गेली होती. या जॅकेटात हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो. रविवारी नवशिक्यांचा पहिला वर्ग होता, त्यामुळे मालक तापलेला. समुद्राचा पत्ता नसलेल्या गावात हा माल चोरून कोण काय करणार, हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी खबर लागली की प्रताप नगरात एका गच्चीवर तशी जॅकेटं दिसतात. पंच घेऊन गेलो. घर निघालं तलावावरच्याच जुन्या प्रशिक्षकाचं. आठही जॅकेटं स्वच्छ धुऊन, अर्धी हवा भरून, सावलीत टांगलेली. चोर माल लपवतो हो, त्याची अशी निगा राखत नाही. पंचनामा लिहितानाच मला शंका आली.

ठाण्यात त्याला आधी चहा दिला, मग आवाज चढवला. “काहून नेली?”

“साहेब, एकेक घालून पाह्यलं. हवा सारी पाठीवर भरते. पाण्यावर आलं का माणूस तोंडावर पडते. शिकलेला सांभाळून घेते. नवा घाबरला, तोंडातली नळी सुटली, का संपलं. मालकाले तीनदा सांगतलं. त्याले हे दिसाले मस्त वाटते.”

“मग माझ्याकडे यायचं.”

“तुमी मानलं असतं काय?”

खरं सांगतो, मानलं नसतं. मला राग आला, तो स्वतःचाच.

पुढची चौकशी मी तलावावर घेतली. मालकालाच जॅकेट घालायला लावलं. गडी ऐटीत उतरला, बटण दाबलं आणि तोंडावर आडवा झाला. हातपाय मारू लागला. त्याच्या हनुवटीखाली पहिला हात गेला तो आरोपीचा.

खोकत खोकत मालक म्हणाला, “साहेब, अर्ज परत द्या मले.”

गुन्हा अजून नोंदला नव्हता. चोरीला लबाडीचा हेतू लागतो आणि इथे तो औषधालाही नव्हता. स्टेशन डायरीत नोंद घेऊन प्रशिक्षकाला सज्जड दम दिला. रविवारचा वर्ग पुढे ढकलला. मालकानं बाजूंनीही हवा भरणारी, माणसाला उभं धरणारी जॅकेटं आणली, तीही लहानमोठ्या मापांची.

तेव्हापासून जप्तीचा माल आधी नीट पाहायचा, आरोपीवर मग ओरडायचं, हे मी शिकलो. उशिराच शिकलो.

निवृत्तीनंतर त्याच तलावावर शिकायला गेलो. आता म्हातारा झालेल्या त्या प्रशिक्षकानं माझा पट्टा दोनदा ओढून पाहिला. पाण्यात जॅकेटनं मला नीट उभं धरलं होतं, तरी त्याचा हात माझ्या हनुवटीखालून निघाला नाही.