रणदिवे मॅडमची गाठ

हे लिहिणार नव्हतो. टाइप केलं, खोडलं, परत केलं. संध्याकाळी अमोस भेटणार. तेव्हा काही गाळायला नको, म्हणून लिहितोय.

अमोस माझा मित्र. त्याची आई, रणदिवे मॅडम, आम्हाला नर्सिंग शिकवायच्या. मागच्या महिन्यात गेल्या. मी नोकरी करतो त्याच आयसीयूत, माझ्याच ड्युटीत. आता त्यांचे कॉलेजातले तास माझ्याकडे आलेत, पार्टटाइम. सकाळी अमोसचा मेसेज आला, शेवटी आईला त्रास झाला का, भेटलास की सांग.

दुपारी तास संपतो. प्रॅक्टिकलच्या खोलीत, सरावाच्या पुतळ्याशेजारच्या कॉटवर आडवा होतो. वर पंखा फिरतोय. मग तो पंखा राहत नाही, व्हेंटिलेटरचा श्वास होतो.

पुतळ्याच्या जागी मॅडम. पोरी ओळीनं त्यांना सुया टोचतायत, प्रत्येकीचं एकच, "आजी, मुंगी चावेल हां."

"हे तू शिकवलंस?" मॅडम विचारतात.

नाही म्हणतो. हे वाक्य ऐकलं की मॅडम हातातली सुई काढून घ्यायच्या. मुंगी काय तुझ्या माहेरची का गं, म्हणायच्या. दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगायचं.

कॉट आता त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. मॅडम कणीक मळतायत. तोंडात नळी, तरी बोलतायत. अमोसला काय सांगणार, विचारतात.

"झोपेत गेल्या म्हणेन."

त्या हसतात, तोंडी परीक्षेत नापास करताना हसायच्या तशा. "म्हणजे मुंगीच."

"मॅडम, त्याला सहन नाही व्हायचं."

"मला झालं?"

कणकेचा हात पुसत नाहीत. तसाच माझा हात धरतात आणि गॉजच्या पट्टीनं कॉटला बांधतात. त्यांनी श्वासाची नळी ओढून काढू नये म्हणून मी त्यांना बांधलं होतं तसं. त्यांनीच शिकवलेली गाठ. तेव्हा त्या शुद्धीत होत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"दोन बोटं जातात का बघ पट्टीच्या आत."

जातात.

"तुझीही जात होती. नियमात बांधलंस, मार्क पूर्ण. तरी मी दिवसभर हात ओढत होते, ते सांग त्याला. आणि कुणाला हाक मारत होते, तेही."

नळीमुळे आवाज नव्हता. ओठांवर त्याचंच नाव दिसायचं. अमोस दाराबाहेर बसला होता, भेटीची वेळ संपली होती.

"सर, उठा, पुढचा तास आहे." एक विद्यार्थिनी दारातून हाक मारते.

कॉटवर पट्टी नाही, काही नाही. माझ्या मनगटावर लाल वळ आहे, त्यात गॉजची वीण उमटलीय. घड्याळ मी घालत नाही.

अमोसला फोन लावतो. तो म्हणतो, आत्ताच सांग ना, हो की नाही एवढंच. मी म्हणतो, फोनवर नको, समोर बसून.

"सगळं सांगतो, अम्या. तू मला मारलंस तरी अर्धं ठेवून उठणार नाही."