पुण्यात न येणारा खोकला

एडिसनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या एकनाथकाकांना न्यू जर्सीची स्वच्छ हवा सोसत नाही. पुण्यात स्वारगेटला, बसच्या धुराच्या लोटात उभा राहून हा माणूस मिसळ खातो आणि साधं खाकरतही नाही. परत आला, कामावर रुजू झाला, की आठवड्याच्या आत खोकून खोकून लालबुंद. आमच्या मंडळानं याचं निदान केव्हाच केलं होतं: मातृभूमीची ओढ. एकानं त्यावर गणपतीच्या स्मरणिकेत कवितासुद्धा पाडली, आणि आम्ही ती छापली.

काका मूळचे सॉफ्टवेअर टेस्टिंगमधले. साठीच्या तोंडावर कंपनीनं नारळ दिला आणि त्या वयाच्या टेस्टरला पुन्हा कोणी दारात उभं करेना. घरी बसून ते लताकाकूंना पोळ्या कशा लाटाव्यात हे शिकवू लागले. काकू किती नवस बोलल्या माहीत नाही, पण एक दिवस नोकरी लागली. "फार्मा, क्वालिटी कंट्रोल," काकांनी सगळ्यांना सांगितलं.

फार्मा म्हणजे गांजाचा कारखाना. इथे तो कायदेशीर आहे, परवाना, टॅक्स, सगळं रीतसर. पण देशाच्या कायद्यात तो अजून गुन्हाच, म्हणून व्हिसावाली पोरं त्या बाजूला फिरकायलाही घाबरतात. काका सिटिझन. बंद खोलीत वाळलेली फुलं मशीनमध्ये दळायची, तो चुरा कागदी नळ्यांमध्ये भरायचा आणि शेवटी मशीन झाडायचं. झाडताना पिठाच्या गिरणीत उडते तशी धूळ उडते. कंपनीनं मास्क दिला होता. काका तो हनुवटीला लावत, कारण नाकावर घेतला की म्हणे श्वास घेता येत नाही.

यातलं तेव्हा आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आणि काका सांगणार तरी कुठल्या तोंडानं? दर गणपतीत मराठी शाळेच्या मुलांना व्यसनमुक्तीवर भाषण तेच देतात. मुलं मांडीवर फोन ठेवून खेळतात, पण भाषण पूर्ण होतं. गावात गांजाचं दुकान उघडणार अशी आवई उठली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती.

वास मात्र लपत नव्हता. त्यांच्या दारात कायम एक उग्र भपकारा असायचा. "घराखाली स्कंक राहतो," काकू सांगायच्या. स्कंक म्हणजे इथला मांजराएवढा प्राणी, घाबरला की असा घाण फवारा मारतो की गल्ली रिकामी होते. आम्ही बिनशर्त विश्वास ठेवला. मी तर पिंजरा आणून दिला, त्यात रोज पीनट बटर लावलं, आणि ते रोज खारी खाऊन गेल्या.

हळूहळू काका जिन्यात अर्ध्यावर थांबायला लागले. आमच्या मंडळातली आसावरी छातीची डॉक्टर आहे. लहानपणी काकांच्याच वर्गात बाराखडी शिकली. तिनं इन्हेलर दिला आणि विचारलं, "काका, कामावर धूळ, केमिकल असं काही असतं का?"

"छे गं. एसी ऑफिस. कॉम्प्युटर."

खोटं बोलताना हा माणूस चष्मा पुसतो, हे त्या मुलीला कुठून माहीत असणार. काकूंनी आपल्याकडून अडुळशाचा काढा आणि रोज संध्याकाळी ओव्याची धुरी सुरू केली. दमेकऱ्याला धुरी.

यंदाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. आरतीआधी शंख काका फुंकतात, तो त्यांचा मान. शंख निघाला, अर्ध्यात चिरकला आणि थांबला. काका खुर्चीत कोसळले, ओठ निळे पडलेले. आसावरी धावली, इन्हेलर दिला, आम्ही दोघींनी त्यांना मागच्या स्वयंपाकघरात नेलं. आरती चालूच राहिली. आमच्याकडे आरती कशानंच थांबत नाही.

श्वास जरा ताळ्यावर आल्यावर आसावरी त्यांच्यासमोर बसली. "काका, स्ट्रेट सांगा. पुण्यात बरं वाटतं, इथे कामावर गेलं की सुरू होतं. म्हणजे कामावरच्या कशाची तरी ॲलर्जी बसलीय छातीला. एकदा बसली की चिमूटभर धूळ पुरते. पुढचा अटॅक असा येईल की ॲम्ब्युलन्स पोचायची नाही. खरं सांगितलं नाहीत तर मी कशावर ट्रीटमेंट करू?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ऑफिस गं. कॉम्प्युटरच."

मला असा संताप आला. जीव गेला तरी चालेल, नाव जायला नको.

"तू उगाच काळजी करतेस," काकू म्हणाल्या. "पुण्याची हवाच वेगळी. मलासुद्धा तिथे मोकळं वाटतं." आणि पदर तोंडाशी धरून खोकल्या.

आसावरीनं मान वळवली. "काकू, तुम्हाला कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. बेसमेंटमध्ये यांचे कपडे मशीनला टाकते ना, आधी झटकते. शिवणीत हिरवट भुकटी अडकलेली असते. ती उडाली की सुरू होतो."

पुसणारा हात थांबला. स्वतःच्या मरणाचं ऐकून ढिम्म न हललेला तो माणूस खुर्चीतून उठायला लागला.

"गांजा आहे तो," काका म्हणाले. "फॅक्टरीत दळतो मी. आसावरी, हिला तपास. आधी हिला तपास."

बाहेर मंत्रपुष्पांजली टिपेला पोचली होती. आसावरीनं काकूंच्या पाठीला कान लावला, बराच वेळ ऐकलं, आणि दोघांनाही सकाळी क्लिनिकमध्ये बोलावलं. कामावर आता जायचं नाही, ते कपडे घरात ठेवायचे नाहीत, आणि ओव्याची धुरी आजपासून बंद.

काकू नवऱ्याकडे बघत होत्या. "म्हणजे तुम्ही ओढत नाही?"

"मी? आयुष्यात कधी नाही."

"मला वाटलं ओढता. म्हणून तो स्कंक. अख्ख्या गावाला स्कंक सांगत फिरले मी. पोटच्या पोरालाही कळू दिलं नाही." त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत काका त्यांची पाठ चोळत राहिले. मग काकूंनी त्यांचा हात बाजूला केला.

"त्यापेक्षा ओढत असतात तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "निदान एकटेच खोकत बसला असतात."