आतून बघायचं नाही

इंद्रायणी कारखान्यातून आणलेल्या पांढऱ्या टॉवेलांना घरी काठ शिवायची. महिन्यातले आठ दिवस स्टुलावर जुन्या काळ्या परकराची चौपदरी घडी घालून बसायची. तरी एखादा टॉवेल डागायचाच. तो धुताना रक्ताच्या वासानं तिला स्वतःचीच किळस वाटायची.

लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं. गल्लीजवळच्या डॉक्टरांनी पोटावरून सोनोग्राफी केली आणि आतूनही बघावं लागेल म्हणाले. सोबतच्या सासूबाई, मथुराबाई, उसळल्या. "आमच्यात तसलं आतनं बघत न्हाईत!" रक्त किती जातं, तेही त्यांनीच सांगितलं, "चारचौघींसारखं." परक्या पुरुषापुढं सुनेनं असलं बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. डॉक्टरांनीही इंद्रायणीकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. गाठ आहे, शुक्रवारी काढू, गरज पडली तर गर्भाची पिशवीही, असं सासूबाईंना सांगून त्यांनी घंटी दाबली.

"पिशवीचं काय एवढं? गल्लीत सात जणींच्या काढल्यात की," मथुराबाई रिक्षात म्हणाल्या. पिशवी गेली की मूल कुठलं? इंद्रायणीला शिसारी आली. तिनं तोंडाला पदर लावला.

बुधवारी ती दुसऱ्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाई ज्ञानदांकडे गेली. सासूबाई मागोमाग आल्याच.

"रक्त किती जातं?" ज्ञानदांनी विचारलं.

"चारचौघीं..." मथुराबाईंनी सुरू केलं.

"आत्या, मी सांगते. दोन तासांत घडी भिजते. गोळे पडतात. नवरा जवळ आला तरी कळ मस्तकात जाते."

"शी! काय बोलती ही!"

"व्हय, शीच. धुते मीच की."

आतून तपासणी झाली. ज्ञानदांनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. "गाठीला कड असते. इथं कडच नाही. पिशवीचं अस्तर तिच्याच भिंतीत मुरलंय. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात याला. गाठ समजून कापायला गेले असते, तर कुठं थांबायचं ते कळलं नसतं, शेवटी पिशवी गेली असती. एमआरआयनं खात्री करू. मग औषधं, मग मुलाचं बघू."

बाहेर आल्यावर मथुराबाई म्हणाल्या, "घरी गेल्यावर डोक्यावरनं अंघोळ कर. तसलं यंत्र आत गेलंय."

इंद्रायणीनं तिथंच फूटपाथवर उभं राहून पहिल्या दवाखान्याला फोन लावला. "शुक्रवारी येत नाही." पलीकडून कारण विचारलं. तिनं ते पाळी, रक्त, पिशवी असं सगळं नाव घेऊन, मोठ्यानं सांगितलं. मथुराबाई नाकाला पदर लावून चार पावलं लांब सरकल्या.