लॅपटॉपला पाय लागला

मी तबला वाजवतो. माझी मुलगी मुक्ता तो रेकॉर्ड करून लॅपटॉपवर गाणी रचते. हे यंत्र एक दिवस माझ्या तबल्याला माळ्यावर धाडणार, अशी धास्ती मला कायम असायची.

काल सतरंजीवरून उठताना तिचा पाय मिटलेल्या लॅपटॉपला लागला. चटकन वाकून तिनं त्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला, वाद्याला पाय लागला की आमच्या घरात नेतात तसा.

"अगं, यंत्र आहे ते," मी म्हणालो.

"बाबा, सूर निघतो ना त्यातून?"

वाद्यं बदलतातच. ते वाकणं मात्र आमच्या घरचं होतं, मी न शिकवताच तिच्यात उतरलेलं.

ती आत गेल्यावर मी कपाटातली सत्काराची शाल काढली आणि तिच्या लॅपटॉपवर पांघरली.